हिमरूचा माग आणि खलियाची देग



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलण्यासाठी विद्वानांना बोलावण्याची रीत आहे. मी विद्वान नाही. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकापाशी झाले. वाळूज आणि चिकलठाणा येथील कामगारांमध्ये युनियनचे काम करता करता केस पांढरे झाले. मजुरी, ओव्हरटाइम, भविष्यनिर्वाह निधी हे माझे रोजचे विषय. अशा माणसाने आपल्या गावच्या जुन्या कारागिरीवर आणि जुन्या अन्नावर काय बोलावे, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. म्हणून मी या विषयाकडे कसा आलो, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कंत्राटी कामगाराला तडकाफडकी काढून टाकण्यात आले. त्याचे कागद घेण्यासाठी मी जुन्या शहरातील त्याच्या घरी गेलो. हजेरीच्या कागदावर त्याच्या नावापुढे 'अकुशल' असा शब्द होता. तो कागद वाचत मी बसलो असताना माझे लक्ष कोपऱ्याकडे गेले. तिथे चादरीखाली काहीतरी मोठे, लाकडी झाकून ठेवलेले होते. तो हिमरूचा माग होता. त्या मुलाचे वडील विणकर होते आणि त्यांचे वडीलही. वृद्ध गृहस्थांनी पेटीतून एक शाल काढून माझ्या गुडघ्यांवर पसरली. ती पाहून मी विचारले, "चाचा, मुलाला का नाही शिकवलं हे?" ते म्हणाले, "सिखाके भूखा रखूँ क्या?"

आम्ही भांडून त्या मुलाची थकलेली मजुरी मिळवली, नोकरी मात्र मिळवता आली नाही. पण चाचांचा तो प्रश्न माझ्यामागे लागला. तीन पिढ्यांचे कौशल्य ज्या घरात, त्याच घरातला मुलगा कागदावर 'अकुशल' कसा झाला? याचे उत्तर मी पुस्तकांत शोधू लागलो. जे सापडले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या शहराला चार नावे मिळाली. मलिक अंबराने १६१० मध्ये वसवले तेव्हा हे खडकी होते. १६२६ मध्ये तो वारल्यावर त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे राज्यकर्त्यांनी दिली. परंतु गावाला गावपण दिले ते पाणी आणणाऱ्यांनी, विणणाऱ्यांनी, कागद करणाऱ्यांनी आणि रांधणाऱ्यांनी. मलिक अंबर स्वतः आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी. त्याने नहर खोदवून डोंगराचे पाणी या खडकाळ जागी आणले. पुढे पाणचक्की उभी राहिली. मातीच्या नळांतून आलेल्या पाण्याच्या जोरावर तिचे जाते फिरे, आणि बाबा शहा मुसाफिर यांच्या दर्ग्यावरील फकीर-यात्रेकरूंसाठी दळण होई. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुजवून, कुटून हातकागद होत असे. दफ्तराला कागद, दरबाराला वस्त्र आणि लष्कराला भाकर, या तीन गरजांनी इथे कारागिरांच्या पेठा वसल्या.

कापड ही तर या भागाची त्याहूनही जुनी मिरास. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे समुद्रव्यापाराचे टिपण लिहिले. त्यात आपल्या पैठणचा उल्लेख आहे, तेरचाही आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून जाडेभरडे व तलम असे दोन्ही प्रकारचे कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जाई आणि तेथून रोमन जगात. ज्या मुलखाला आज आपण मागास म्हणून हिणवतो, त्या मुलखाचे सूत दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार विकले जात होते.

हिमरूविषयी परंपरा अशी सांगते की, महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादेस आणली तेव्हा तिच्याबरोबर विणकरही आले. राजधानी काही वर्षांनी परत गेली, विणकर राहिले. हिमरू म्हणजे काय, हे सांगण्याआधी किनखाब काय ते सांगायला हवे. किनखाब म्हणजे रेशीम आणि सोन्यारुप्याची जर. ते वस्त्र राजाचे. ते ज्याला परवडत नाही पण ज्याला त्याची हौस आहे, अशा माणसासाठी विणकराने तोड काढली. उभा धागा सुताचा घेतला आणि नक्षीचा आडवा धागा रेशमाचा. पुढून पाहिले तर रेशमाची वेलबुट्टी दिसते. मागल्या अंगाला नक्षीचे धागे मोकळे लोंबत राहतात, त्यामुळे शाल मऊ आणि उबदार होते. मशरू हा त्याचा भाऊ. त्यात उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा. विणकाम असे की रेशीम वरच्या अंगाला येते आणि अंगाला लागते ते सूत. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, असा धार्मिक दंडक होता. तो न मोडता रेशीम नेसण्याची सोय विणकराने केली, म्हणून त्या कापडाचे नावच 'मशरू', म्हणजे धर्माला मंजूर असलेले.

मित्रहो, यातली बुद्धी पाहा. एका बाजूला खिशाची अडचण, दुसऱ्या बाजूला धर्माची अडचण. आणि मागावर बसलेला, बहुधा अक्षरशत्रू असलेला माणूस दोन्ही अडचणी दोन धाग्यांनी सोडवतो. याला आपण 'हस्तकला' म्हणतो आणि काचेच्या कपाटात ठेवतो. खरे पाहता ही डोक्याची कमाई आहे. हात फक्त ती प्रकट करतात.

परंतु जुने ते सारे सोने, असे मी म्हणणार नाही. युनियनच्या माणसाला ते शोभणार नाही. हिमरूचा जुना माग एकट्याने चालत नसे. विणकर खाली खड्ड्यात पाय सोडून बसे, आणि वर, मागाच्या माथ्यावर, एक पोरगा बसे. नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधलेली असे. पोराने ठराविक दोऱ्या ओढायच्या, उभे धागे उचलले जायचे, खालून विणकराने धोटा फेकायचा. दिवसभर हेच. त्या पोराला शाळा कुठली? आणि घरातल्या बायका सूत उकलत, कांड्या भरत. त्यांच्या कामाची मजुरी वेगळी कोणी मोजली नाही. ज्या शालीवर आपण हात फिरवून वाहवा करतो, तिच्यात ही बिनमोजलेली मेहनत आहे. परंपरेचा अभिमान धरणाऱ्याने हा हिशेबही आपल्या वहीत मांडला पाहिजे.

मागावरच्या त्या पोराची सुटका फ्रान्समधील लियोंच्या जकार नावाच्या माणसाने केली. १८०४ मध्ये त्याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग सिद्ध केला. पोराच्या हातांचे काम पुठ्ठे करू लागले. पण त्याच लियोंमध्ये १८३१ साली रेशीम विणकरांनी मोठा उठाव केला. उठाव यंत्राविरुद्ध नव्हता, कापडाच्या दराविरुद्ध होता. व्यापाऱ्यांनी दर ठरवून द्यावा आणि तो पाळावा, एवढीच त्यांची मागणी होती. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. कारण कारागिरी यंत्राने मारली, असे आपण सरसकट म्हणतो. यंत्र हा अर्धाच आरोपी आहे. उरलेला आरोपी भाव आहे.

आमच्या गावच्या हिमरूवर एकामागून एक घाव बसले. पहिला १७६३ मध्ये. निजामाने राजधानी इथून हैदराबादला हलवली. दरबार गेला, मानकरी गेले, त्यांच्यामागे गिऱ्हाईक गेले. दुसरा घाव १८८९ मध्ये. त्या वर्षी गावात सूत काढणारी आणि कापड विणणारी पहिली गिरणी उभी राहिली, आणि तिच्यात सुमारे सातशे माणसे कामाला लागली. पुढे १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. स्वस्त कापड आत आले, कापूस बाहेर गेला, सरकी काढण्याचे कारखाने निघाले. गिरणी निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. म्हणजे त्या सुमारास हातमागाचा कारागीर उतरणीला लागला होता आणि गिरणीचा कामगार नुकता डोके वर काढीत होता. मी त्या दुसऱ्याच्या वंशातला; पण पहिला माझा आजा आहे, हे विसरून चालणार नाही.

तिसरा घाव सांगताना मला अवघड वाटते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्या रद्द झाल्या. हे व्हायलाच हवे होते. कुळाच्या पाठीवरचे ते ओझे होते, त्याचा अश्रू मी ढाळणार नाही. परंतु हिमरूच्या शेरवान्या शिवून घेणारे गिऱ्हाईक होते ते हेच जहागीरदार. जहागीर गेली ते योग्यच झाले. पण तिच्या आश्रयावर जगणाऱ्या मागाला दुसरा आश्रय कोणी द्यायचा, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पुढे पर्यटक आले, अजिंठ्याची कमळे आणि वेली शालींवर उतरल्या, आणि त्यांच्या जोरावर काही माग तगले. आज हाताने हिमरू विणणारे माग गावात अगदी मोजके उरले आहेत.

हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. कामगार चळवळींचा इतिहास वाचताना मला उत्तर आफ्रिकेतील ट्युनिशियाच्या फरहात हशादची ओळख झाली. १९४६ मध्ये त्याने आपल्या देशात स्वतंत्र कामगार महासंघ उभा केला. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या लढ्यात ५ डिसेंबर १९५२ रोजी त्याची हत्या झाली. १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याच्याविषयी वाचता वाचता मी ट्युनिस शहराच्या बाजारपेठेत जाऊन पोचलो. तिथे 'शाशिया' नावाची लाल लोकरी टोपी करतात. स्त्रिया घरी बसून मोठी, सैल टोपी विणतात; ती पाण्यात मळून आटवतात, काटेरी बोंडांनी तिचा पृष्ठभाग विंचरतात, मग लाल रंगात बुडवतात. या धंद्याला तिथे भरभराट आणली ती १६०९ पासून स्पेनमधून हाकलून दिलेल्या मुसलमान निर्वासितांनी. म्हणजे मलिक अंबर खडकी वसवीत होता, त्याच सुमारास तिकडे देशोधडीला लागलेले कारागीर नवी पेठ वसवीत होते. नंतर युरोपच्या कारखान्यांत टोप्या होऊ लागल्या. १९२५ मध्ये तुर्कस्तानने तशा लाल टोपीला कायद्याने बंदी केली; सुधारणा म्हणून ते योग्य असेलही, पण तसल्या टोप्यांचा मोठा बाजार बुडाला. आमची जहागीर आणि त्यांची टोपी, कथा एकच. मात्र त्या देशाने काही गोष्टी मनावर घेतल्या. सेज्नान गावच्या बायका चाकाशिवाय, नुसत्या हाताने जी मातीची भांडी घडवतात, त्यांच्या कौशल्याला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २०१८ मध्ये स्थान मिळाले. मिरचीच्या त्यांच्या हरिसा नावाच्या वाटणाला २०२२ मध्ये. तिथे भांडे नव्हे, भांडे घडवण्याचे कौशल्य यादीत गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वाटणाचे नाव निघाले, तेव्हा आता अन्नाकडे वळतो.

आपल्या गावचे नान-खलिया आपणां सर्वांना ठाऊक आहे. ज्यांनी खाल्ले नाही त्यांनी निदान वास घेतला आहे. त्याचाही उगम परंपरा तुघलकाच्या लष्कराशी जोडते. ते खरे असो वा नसो, पदार्थाची घडण छावणीचीच आहे. ताटे नाहीत, वेळ नाही, माणसे हजारो. अशा वेळी तंदुरात भराभर लागणारी नान आणि एका प्रचंड देगेत शिजणारा मटणाचा मसालेदार रस्सा, याहून शहाणी व्यवस्था कोणती? छावण्या उठल्या, सुलतान गेले. पण देग राहिली आणि लग्नाच्या मांडवात आली. आज शेकडो माणसे एका ओळीने बसून तेच अन्न खातात. सैन्याचे अन्न शेजाराचे अन्न झाले. त्या देगेपाशी रात्रभर उभा असलेला भटियारा किती माणसांना किती मीठ हे तराजूशिवाय जाणतो. ते गणित त्याने कुठल्या वहीतून घेतलेले नाही.

आणि आपल्या भाकरीची गोष्ट तर याहून थोर. रब्बीची ज्वारी पावसाळा सरता सरता पेरतात. काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. थंडीत हुरडा देते, मग दाणा देते, आणि कडबा देऊन बैल जगवते. कमी पाण्याच्या या मुलखाने शेकडो वर्षांच्या अनुभवातून निवडलेले ते पीक. १९७२ च्या दुष्काळात तेही हातचे गेले. मी तेव्हा लहान होतो. आई मला झाडाच्या सावलीत झोपवून दुष्काळी कामावर खडी फोडी. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो तेव्हा खावी लागली. आई पुढे कितीदा सांगायची, "पोट भरलं, पण जेवल्यासारखं वाटलं नाही." अन्नाचे मोल म्हणजे काय, हे मला तिच्या त्या वाक्यातून कळले, पुस्तकातून नव्हे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. भाकरीला एकदम प्रतिष्ठा आली, ती सुंदर वेष्टनात विकली जाऊ लागली. आनंद आहे. परंतु वाळूजच्या खानावळींतून पहाटे चारला उठून शेकडो भाकरी थापणारी बाई कोणत्या दराने थापते? ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिकटपणा नसतो. ते हाताच्या दाबाने आणि पाण्याच्या ऊनपणाने सांभाळावे लागते. कुणाला साधे वाटत असेल तर त्याने आज रात्री घरी जाऊन एक भाकरी थापून पाहावी. आणि त्या बाईचे नाव कागदावर आलेच, तर तिच्यापुढेही लिहिलेले असते 'अकुशल'.

इथे माझा मुद्दा पुरा होतो. जुन्या कारागिरीचे आणि जुन्या अन्नाचे टिकाऊ मोल त्यांच्या वयात नाही. वय तर दगडालाही असते. ते मोल या गोष्टीत आहे की, त्यांच्यातले ज्ञान माणसाच्या अंगात राहते. कारखान्यातले कौशल्य पुष्कळदा यंत्रात असते. फाटकाला टाळे लागले की कामगार रिकामा. विणकराचे कौशल्य त्याच्यापासून कोणी काढून घेऊ शकत नाही, पण त्याला उपाशी ठेवून ते वाया घालवू शकतो. आणि एकदा एका पिढीने शिकणे सोडले की पुढच्या पिढीला ते पुस्तकातून परत मिळत नाही. शाल संग्रहालयात राहील. ती विणायची कशी, हे मात्र चाचांबरोबर जाईल.

हे अटळ आहे, असे मी मानत नाही, कारण पैठणीचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. तीही मरणपंथाला लागली होती. पैठण आणि येवले येथील विणकर, सरकारी प्रशिक्षण आणि घराघरांतील लग्ने यांनी मिळून तिला परत उभे केले. आज येवल्यात माग चालतात आणि मुली विणतात. पण तिथेही भावाचा प्रश्न आहेच. यंत्रमागावर झालेली नक्कल पैठणी म्हणून खपवली जाते आणि हातमागाचा दर पाडला जातो. काही वाण हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा १९८५ मध्ये झाला. परंतु कायद्याला पाय फुटत नाहीत, ते आपणच द्यावे लागतात. म्हणून आपणांस एक साधी खूण सांगतो. पदर उलटून पाहा. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीने जिथल्या तिथे गुंफलेला असतो. त्यामुळे मोर उलट्या बाजूलाही तितकाच रेखीव दिसतो. मागे लोंबते वा कापलेले धागे दिसले, तर तो यंत्राचा मोर. हिमरूत मात्र मागे मोकळे धागे असायचेच, हा फरक लक्षात ठेवा. आणि दुकानदाराला दुसरा प्रश्न विचारा: हे विणले कोणी, आणि त्याला काय मिळाले?

७ ऑगस्ट हा हातमाग दिन म्हणून २०१५ पासून साजरा होतो. त्या दिवशी हारतुरे होतात, होऊ देत. परंतु विणकर, भटियारा, भाकरी थापणारी बाई यांना वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस नोंद हवी, दर हवा, आजारपणाला आधार हवा आणि म्हातारपणाला पेन्शन हवे. आमच्या कामगार चळवळीचीही यात चूक झाली. फाटकाच्या आत जो होता त्याला आम्ही कामगार मानले; घरात मागावर आणि चुलीपुढे जो होता त्याला मानले नाही. ती चूक मी या व्यासपीठावरून कबूल करतो.

चाचा आता बरेच थकले आहेत. गेल्या दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे गेलो होतो. मागावरची चादर त्या दिवशी काढलेली होती. नातू, म्हणजे त्याच कामगाराचा मुलगा, कॉलेजातून येऊन खड्ड्यात पाय सोडून बसला होता आणि चाचा त्याला ओरडत होते. एका वीत कापडासाठी ते त्याला तीनदा उसवायला लावीत होते. तो शिकेल की नाही, मला सांगता येत नाही. तो शिकला तर त्याचे पोट त्यावर भरेल की नाही, हे मात्र चाचांच्या हाती नाही, त्याच्याही हाती नाही. ते आपल्या, या सभागृहात बसलेल्यांच्या हाती आहे.